हातात किती पडणार?

गेल्या जूनमध्ये आई-बाबा पहिल्यांदा प्रागला आले. बडोद्याहून निघताना आईने मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि लोणच्याची बरणी बांधून घेतली होती. बाबांनी शर्टाच्या आतल्या खिशात युरोचं पाकीट ठेवलं होतं. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, पण इथे चालतो तो कोरुना. बडोद्यात अलकापुरीत बाबांनी चौकशी केली तिथे कोरुना नव्हते, म्हणून त्यांनी युरो घेतले. त्यात काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे, आणि त्यात बाबांचा दोष फार थोडा होता.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात होते. दोघं वाच्लाव चौकात फिरायला गेले. दुपारी बाबांचा फोन आला. "अगं, 200 युरो बदलले. 3,600 मिळाले. बरोबर आहेत ना?"

त्या दिवशी एका युरोला साधारण साडेचोवीस कोरुना असा भाव होता. म्हणजे 4,900च्या आसपास हातात यायला हवे होते. 1,300 कोरुना कमी, आपले पाच हजार रुपये तरी झाले. माझ्या पोटात गोळाच आला. बाबांनी आयुष्यभर बँकेत कॅश काउंटर सांभाळलं आहे. बंडलावरून अंगठा फिरवला की मधली फाटकी नोट त्यांना कळते. असा माणूस फसला, तर बाकीच्यांचं काय?

तिथे गेल्यावर त्या बूथचा बोर्ड मी नीट वाचला. वर ठळक अक्षरांत 'शून्य टक्के कमिशन'. खाली युरोपुढे मोठा आकडा, जवळपास पंचवीस. त्याच्या शेजारी बारीक टायपात अठरा. चेक भाषेत एका रकान्यावर 'नाकुप' म्हणजे खरेदी, आणि दुसऱ्यावर 'प्रोदेय' म्हणजे विक्री. ही खरेदी-विक्री दुकानदाराच्या बाजूची असते. तुम्ही युरो देता तेव्हा तो ते विकत घेतो, म्हणून तुम्हाला लागू होतो तो नाकुपचा भाव, अठराचा. मोठ्या अक्षरांतला पंचवीसचा भाव त्याच्याकडून युरो विकत घेणाऱ्यासाठी. कमिशन खरंच शून्य होतं. सगळी कापाकापी भावातच झाली होती.

आमच्या घरात याला जुना शब्द आहे, बट्टा. बडोदा संस्थानाचं स्वतःचं बाबाशाही नाणं होतं. त्याची इंग्रजांच्या कलदार रुपयाशी अदलाबदल करायची तर सराफाकडे जायचं आणि बट्टा सोसायचा. ते दिवस माझ्या आजीनेही पाहिले नव्हते, पण तिच्या सासऱ्यांचं एक वाक्य ती आम्हाला ऐकवायची. सराफाला भाव विचारू नये, हातात किती पडणार ते विचारावं. तेव्हा मला ती जुन्या माणसांची घासाघीस वाटायची. आता प्रागमध्ये येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हेच सांगते. नोटा काचेखालून आत सरकवायच्या आधी विचारा, 'इतके युरो दिले तर हातात किती कोरुना?' समोरच्याला आकडा कागदावर लिहू द्या किंवा कॅल्क्युलेटरवर दाखवू द्या. तो मोबाइलवरच्या भावाशी ताडून पाहा. फरक दोन-तीन टक्क्यांच्या पुढे गेला तर 'थँक यू' म्हणा आणि पुढे चला. नोटा एकदा आत गेल्या की माणूस संकोचतो. मागे रांग असते, भाषा परकी असते.

त्या दिवशी मात्र एक गोष्ट आमच्या बाजूने होती. 1 एप्रिल 2019 पासून इथे कायदा आहे की चलन बदलल्यावर तीन तासांच्या आत ग्राहक तो व्यवहार रद्द करू शकतो. रक्कम 1,000 युरोच्या वर नसावी एवढंच. वाच्लाव चौकासारख्या ठिकाणी पर्यटकांना इतकं लुटलं जायचं की सरकारलाच मध्ये पडावं लागलं. मी फोनवरच म्हटलं, "बाबा, पावती जपून ठेवा. मिळालेल्यातली एकही नोट खर्चू नका, आणि तिथेच थांबा. मी येते."

मेट्रोने मला पंचवीस मिनिटं लागली. आई बाकावर पर्स घट्ट धरून बसली होती. बाबा उभेच होते. माझ्याकडे बघेनात, ते मला फार लागलं. काउंटरवरच्या मुलीला मी पावती दाखवली आणि व्यवहार रद्द करायचा आहे असं सांगितलं. तिने आधी नकारार्थी मान हलवली. मी घड्याळ दाखवलं. पावतीवरच्या वेळेला तासभरही झाला नव्हता. कायद्याचं पान मोबाइलवर उघडून ठेवलं होतं, ते काचेला लावलं. ती आत जाऊन कुणाशी तरी बोलून आली आणि तिने एक फॉर्म पुढे सरकवला. बाबांनी 3,600 मोजून दिले, समोरून पन्नासच्या चार नोटा आल्या. बाबांनी एकेक नोट उजेडाकडे धरून पाहिली, चारही पाकिटात नीट लावल्या आणि मगच म्हणाले, "चल." पुढच्या गल्लीतल्या दुसऱ्या बूथवर त्यांनी स्वतःच विचारलं, हातात किती? तिथे 4,860 मिळाले.

अशा बूथवाल्यांवर चेक नॅशनल बँकेची देखरेख असते आणि तिथे तक्रारही करता येते. आम्हाला ती वेळ आली नाही. पण पावती नसती तर काहीच करता आलं नसतं. म्हणून पावती हवीच, रक्कम कितीही छोटी असो.

रस्त्यावर 'चेंज, चेंज' म्हणत जवळ येणाऱ्याशी बोलूच नका. आमच्या ऑफिसातल्या एका मुलाच्या मामांना तशाच एका माणसाने 'जास्त भाव' देऊन हजाराच्या नोटा दिल्या. नोटा खऱ्या होत्या, पण हंगेरीच्या फोरिंटच्या. हजार फोरिंट म्हणजे साठ-सत्तर कोरुना. इथे तीन तासांचा नियम कुणाला सांगणार, माणूसच गायब. कोरुनाच्या नोटांवरचे चेहरे आधी ओळखून ठेवले तर असं होत नाही. शंभरवर सम्राट चौथा चार्ल्स, दोनशेवर शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की, पाचशेवर लेखिका बोझेना नेम्त्सोवा, हजारावर इतिहासकार पालात्स्की. दोन हजारावर एमा देस्तिनोवा, म्हणजे एक गायिका! आईला हे फार आवडलं. तिने सगळ्या नोटा टेबलावर मांडून फोटो काढला आणि दांडिया बाजारातल्या तिच्या भजनी मंडळाला पाठवला.

साध्या कपड्यातला कुणी 'पोलीस आहे, पाकीट दाखवा, नोटा तपासायच्या आहेत' म्हणाला तर पाकीट अजिबात बाहेर काढू नका. पोलीस ठाण्यात चला म्हणावं, किंवा 158 लावावा. तो इथल्या पोलिसांचा नंबर आहे.

खरं तर प्रागमध्ये रोख फार लागत नाही. ट्राममध्येसुद्धा कार्ड टेकवून तिकीट निघतं. शनिवारी नदीकाठच्या नाप्लाव्काच्या बाजारात, लहान खानावळीत, सार्वजनिक शौचालयात सुटे लागतात, तेवढेच. पण कार्डातही हाच बट्टा लपलेला असतो. दुकानातलं मशीन किंवा एटीएम विचारतं, पैसे रुपयांत कापू की कोरुनात? रुपये दिसले की आपल्याला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं आणि बोट तिकडे जातं. नेमकं तेच टाळायचं. रुपये निवडले तर भाव ते मशीनवाले ठरवतात आणि तो महाग पडतो. नेहमी कोरुना निवडा. एटीएमवर 'विदाउट कन्व्हर्जन' असं लिहिलेलं बटण असतं, कधी कोपऱ्यात, फिकट रंगात. पर्यटकांच्या गर्दीत उभी असलेली रंगीत यंत्रं टाळा आणि बँकेच्या शाखेच्या भिंतीतलं एटीएम शोधा. तुमची बँक परदेशी व्यवहारावर साडेतीन टक्क्यांपर्यंत वेगळं शुल्क लावू शकते, ते निघण्याआधी विचारून घ्या. आणि कार्डाचा परदेशातला वापर ॲपमधून चालू करून घ्या. 2020 पासून नवीन कार्ड येतं ते फक्त देशातल्या वापरापुरतं चालू असतं. आईचं कार्ड इथे पहिल्या दिवशी चाललं नाही ते त्यामुळेच.

बडोद्यात परकीय चलन घेताना रिझर्व्ह बँकेचा परवाना दुकानात लावलेला आहे का ते बघा आणि बिल घ्या. 50,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम असेल तर पैसे रोख देता येत नाहीत, बँकेतून द्यावे लागतात. एका प्रवासाला 3,000 डॉलरपर्यंतच्याच नोटा नेता येतात, बाकी कार्डात. आपले रुपये 25,000पर्यंतच बाहेर नेता येतात, आणि ते इथे बदलायचा विचारही करू नका, बट्टा फार बसतो. घरी परतल्यावर उरलेल्या परकीय नोटा 2,000 डॉलरच्या किमतीपर्यंत ठेवता येतात. त्याहून जास्त असतील तर 180 दिवसांत परत करायच्या.

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी टेबलावर हिशोब मांडला. 740 कोरुना उरले होते. ते युरोत बदलून पुन्हा बट्टा द्यायचा नाही, असं त्यांचं ठाम मत पडलं. नोटा आणि नाणी एका लिफाफ्यात घालून त्यांनी वर पेनाने रक्कम लिहिली आणि लिफाफा माझ्या कपाटात ठेवला. दिवाळीनंतर आत्या येणार आहे. विमानतळावर तिला काहीच बदलावं लागणार नाही.