घरच्या पाककृतींची वही: श्रावण ते पौष

वहीतल्या पक्क्या पाककृती अजून बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. पक्की कशाला म्हणायचं हे मात्र आता ठरलंय. आई शेजारी उभी नसताना, दुसऱ्याच्या ओट्यावर, दुसऱ्याच्या भांड्यात पदार्थ जमला तरच ती पक्की. बाकीच्या नोंदी पेन्सिलीत. आईच्या हाताचे पदार्थ मोजून-मापून लिहून काढायचा हा उद्योग तुमच्यापैकी बरेच जण करताय, म्हणून आतापर्यंतचं इथे मांडतो.

श्रावण

सुरुवात मोजण्यापासून. आईला मध्येच थांबवून मोजता येत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पिठाची मूठ भरलेली असताना “थांब, काट्यावर ठेव” म्हटलं की तिचा हात आखडतो. मग वजन मिळतं ते आखडलेल्या हाताचं, आणि त्याचा काही उपयोग नसतो.

त्यावर उपाय वजाबाकीचा. स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी लागणारे सगळे डबे, तेलाची किटली, दह्याचं भांडं एकेक करून काट्यावर ठेवायचं आणि आकडे लिहून ठेवायचे. मग तिला तिच्या पद्धतीने करू द्यायचं, काही विचारायचं नाही. सगळं आटोपलं की तेच डबे पुन्हा काट्यावर. थालीपिठाच्या दिवशी भाजणीचा डबा आधी १,८४० ग्रॅम होता, नंतर १,४९५. म्हणजे चार माणसांच्या थालीपिठांना ३४५ ग्रॅम भाजणी. आई म्हणाली, “काय रे, रेशनचं दुकान काढतोयस का?” पण त्यानंतर स्वतःच डबे काढून ठेवायला लागली.

मिसळणाच्या डब्याला ही युक्ती पुरत नाही. स्वयंपाकघरातला साधा काटा एक-एक ग्रॅमने सरकतो आणि हिंग तर ग्रॅमभरही पडत नाही. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेतला. हळद, हिंग, वेलची, केशर, सोडा एवढ्यापुरताच तो लागतो, पण लागतो.

मग वाट्या. वाटी रिकामी ठेवून काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. आमची आमटीची वाटी १६५ निघाली, पाहुण्यांसाठीची १२०, कुकरबरोबर आलेलं प्लास्टिकचं माप १८०, आणि विकत आणलेला मापाचा कप २४०. चारही घरात ‘एक वाटी’ म्हणूनच वावरतात. पण यावरून ‘वाटीचं माप टाकाऊ’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. वाटी हे प्रमाण असतं. एक वाटी पिठीला एक वाटी पाणी म्हटलं की वाटी कुठलीही घ्या, काही बिघडत नाही. गोंधळ होतो तो वाटी आणि चमचा एकाच ओळीत आले की. “दोन वाट्या रवा, एक चमचा मीठ” यात रवा वाटीनुसार कमी-जास्त होतो आणि मीठ जागचं हलत नाही. त्यातून मीठ जाडं असेल तर त्याच चमच्यात ते वजनाला कमी मावतं. तेव्हापासून मीठ आणि सोडा मी फक्त ग्रॅममध्ये लिहितो. पिठाच्या पदार्थांना मीठ पिठाच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के धरलं की आमच्या घरच्या चवीला बरोबर बसतं.

जाता जाता: आजोळी धान्य मोजायची जुनी लाकडी-पितळी मापं अजून आहेत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळा हिशेब दुपटीचा. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली आला, तरी लाडवांचं प्रमाण सांगताना मामी अजून “चिपटंभर” म्हणते, आणि तिचे लाडू कधी बिघडलेले मी पाहिले नाहीत.

गणपती

उकडीचे मोदक. आईची पद्धत: तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळून आणलेली पिठी, तिच्याइतकंच पाणी, पाण्यात चमचाभर तूप आणि मीठ. पाणी उकळलं की पिठी एकदम टाकायची, हलवायचं, झाकण ठेवून एक वाफ, मग गॅस बंद. लिहायला पाच ओळी.

हा कागद न्यू जर्सीतल्या मामेबहिणीला पाठवला. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चाचणी का हवी याचं याहून चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही. तिच्याकडे गॅस नाही, कॉइलची विजेची शेगडी आहे. बटण बंद केलं तरी कॉइल बराच वेळ तापलेलीच राहते. आमच्या “गॅस बंद करून झाकण ठेवा” या वाक्याने तिची उकड खालून धरली. पिठीचंही वेगळंच. तिने आशियाई दुकानातून थाई पिठी आणली होती. ती ओल्या तांदळाची दळलेली, एकदम बारीक. तिला पाण्याचं आमचं प्रमाण पुरेना.

आता त्या पाककृतीत ‘गॅस बंद करा’ नाही, ‘भांडं आचेवरून खाली उतरवा’ आहे. पाण्याच्या आकड्यापुढे पारीची परीक्षा आहे: मळलेल्या उकडीची लिंबाएवढी गोळी अंगठ्याने दाबा, कडेला चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. पिठी कुठलीही असो, ही परीक्षा लागू पडते. चाचणीला माणूस निवडताना शक्यतो आपल्याहून वेगळी शेगडी असलेला निवडा. सुगरण निवडू नका. सुगरण कागदावरची उणीव न सांगता भरून काढते.

नवरात्र

पुरण. इथे शिट्ट्यांशी भांडण झालं.

शिट्टी हे माप नव्हे. आच, कुकरचा आकार, आतलं पाणी, शिट्टीचं वजन स्वच्छ आहे की नाही, सगळ्यावर ती अवलंबून. एकाच डाळीला आमच्या तीन लिटरच्या आणि पाच लिटरच्या कुकरात शिट्ट्या वेगवेगळ्या लागतात. आत खरं घडतं ते असं, की दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ तिथे जितकी मिनिटं राहील तितकी शिजते. म्हणून मी लिहितो: पहिली शिट्टी झाली की आच मंद, तिथून इतकी मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्या. “चार शिट्ट्या” कंसातसुद्धा लिहीत नाही.

पुरण झाल्याची खूण सगळ्यांना माहीत आहे, उलथनं मधोमध उभं राहतं. आईला विचारून त्यात एक भर घातली: उलथनं उभं राहून हळूहळू कलायला लागलं की उतरवायचं. ताठ उभं राहीपर्यंत आटवलं तर गार झाल्यावर गूळ आणखी घट्ट होतो आणि पोळी लाटताना पुरण कडेपर्यंत सरकत नाही.

दिवाळी

पाकासाठी थर्मामीटर आणला. त्यावर सगळ्यात आधी साधं पाणी उकळून पाहिलं, आणि आकडा अठ्ठ्याण्णववर थांबला. थर्मामीटरमध्ये खोट नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे आणि दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. महाबळेश्वरात तो साडेपंचाण्णवच्या जवळ येईल. म्हणजे मुंबईच्या एखाद्या हलवायाने सांगितलेला पाकाचा आकडा पुण्यात जसाच्या तसा धरला तर पाक दोन अंश पुढे जातो, आणि रव्याच्या लाडवाला दोन अंश पुष्कळ झाले.

म्हणून वहीत पाकाचा आकडा फरकाने लिहिलाय. आपल्याकडे पाणी जिथे उकळतं त्याच्या पाच-सहा अंश वर एकतारी, बारा ते सोळा अंश वर गोळीबंद. शेजारी बोटांची खूण आहेच: थेंब जरा निवला की अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं फाकवायची, एक तार न तुटता ताणली गेली पाहिजे. आई थर्मामीटरकडे पाहत नाही, पण तिने “झाला” म्हटलं की मी आकडा बघतो. कधी एकशे तीन, कधी चार. याच्या बाहेर मी पाहिलेला नाही.

चकलीला मात्र थर्मामीटरचा फारसा उपयोग झाला नाही. भाजणीचं प्रमाण सोपं (तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, वर धणे-जिरे), भाजण्यातच सगळं आहे. आणि तळताना घड्याळापेक्षा तेलाकडे बघावं. चकली टाकल्यावर बुडबुडे भसाभसा येतात, ते आतल्या पाण्याची वाफ. बुडबुडे ओसरले, तेल जवळजवळ शांत झालं की चकलीतलं पाणी गेलं, काढा. हे मिनिटांत लिहिलं की सोऱ्याची चकती बदलताच खोटं ठरतं.

मार्गशीर्ष

फोटो. याबद्दल थोडक्यात, कारण यात मी अजून कच्चा आहे.

ट्यूबलाइट बंद, खिडकीचा उजेड एका बाजूने, समोरून पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा. थंडीत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन तिरपं थेट आत येतं, त्याला पांढरी ओढणी आडवी बांधली की झालं. ट्यूब चालू ठेवली तर आमटी अर्धी निळी, अर्धी पिवळी दिसते. थाळी वरून छान येते. लाडू, मोदक, घावनांची चळत बाजूने. स्टीलच्या ताटात पंखा, मी आणि फोन तिघेही दिसतो, म्हणून फोटोपुरतं ताट पितळेचं किंवा मातीचं. भरली वांगी कशातही ठेवा, तपकिरीच. त्यावर कोथिंबिरीचा ढीग घालून लपवाछपवी मला पटत नाही.

माझ्या दृष्टीने तयार ताटाच्या फोटोपेक्षा मधल्या पायऱ्यांचे फोटो महत्त्वाचे. रवा किती भाजायचा हे ‘गुलाबीसर’ लिहून कळत नाही. कढईशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून कच्चा, अर्धा भाजलेला आणि पूर्ण भाजलेला असे तीन चमचे रवा मांडून टिपले, तर बघणाऱ्याला कागदाच्या पांढऱ्यावरून खरा रंग ओळखता येतो. मोहरीच्या फोडणीला तर फोटोऐवजी दहा सेकंदांचा आवाज पुरतो.

पौष

आता गूळपोळी सुरू आहे. सारणात साधा किसलेला गूळ, भाजलेल्या तिळाचं कूट, खसखस, किसून भाजलेलं खोबरं, तेलात खमंग भाजलेलं बेसन. वरच्या पारीला कणीक, थोडा मैदा आणि कडकडीत मोहन. वजनं सगळी लागलीत. अडलंय ते एका गोष्टीवर: सारण आणि पारी सारख्याच मऊ हव्यात, नाहीतर गूळ कडेपर्यंत जात नाही किंवा फुटून तव्यावर जळतो. आई दोन्ही गोळे दोन हातांत घेऊन एकदम दाबते आणि ठरवते. कमी पडलं तर सारणात तेलाचे थेंब, जास्त झालं तर चमचाभर बेसन. गुळाचा मऊपणा ढेपेगणिक बदलतो, त्यामुळे तेलाचा आकडा मी अजून पेन्सिलीतच ठेवलाय.

सध्या दोन्ही गोळे सारख्या वजनाचे करून, त्यांवर एकच जड वरवंटा अर्धा मिनिट ठेवून कुठला किती पसरतो ते पट्टीने मोजतोय. तुमच्यापैकी कुणी यापेक्षा सोपी रीत काढली असेल तर सांगा. आणि चिक्कीचा गूळ घालून बघा असं कृपया सुचवू नका. तो वडीला आणि चिक्कीला ठीक, पोळीत दाताखाली खडे येतात.