नाटकातून काय मिळालं, तुम्ही विचारलंत म्हणून

दर पावसाळ्यात कोणाचं तरी पोर इंजिनिअरिंगला लागतं आणि मला फोन येतो. "तू चार वर्षं नाटकाच्या ग्रुपमध्ये होतीस ना गं? काय मिळालं त्यातून? आमच्या हिला जाऊ द्यावं का?" यंदा तीन फोन आले. एकदाच लिहून ठेवते, पुढच्या वेळी हेच पाठवीन.

कॅम्पस म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मुंबई विद्यापीठाचा कलिन्याचा परिसर येत असेल. आमचं नेरूळचं कॉलेज म्हणजे सात मजल्यांची इमारत आणि मागे पार्किंग. सरांच्या गाड्या गेल्या की तिथे आमचा सराव. ठाण्याहून मी ट्रान्स-हार्बरने, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलने जायचे. 2004 साली ती लाइन सुरू झाली नसती तर बाबांनी नेरूळचं नावसुद्धा काढू दिलं नसतं.

तर, मिळालं काय? एम-थ्रीची, म्हणजे तिसऱ्या गणिताच्या पेपरची केटी. नापास झालेला विषय पुढच्या वर्गात जाऊन पुन्हा द्यायचा, ती केटी. ती तर आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादासारखी नातेवाइकांत वाटली गेली. 75 टक्के हजेरी भरली नाही म्हणून डिफॉल्टर लिस्टमध्ये दोनदा नाव. पण दोष नाटकाला देणार असाल तर ऐका, माझ्या बाकावरच्या दोघी कधी कॅन्टीनलाही फिरकल्या नाहीत, केटी त्यांनाही लागली.

आणखी मिळालं ते असं. परवानगीचं पत्र घेऊन एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर दीड तास उभं राहायची सवय. झेरॉक्सवाल्याकडून पाचशे रुपये काढायची कला. विद्यार्थी प्रतिनिधी तेव्हा 1994 च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे मार्कांवर नेमले जायचे. निवडणुकांची तरतूद 2016 च्या कायद्यात आली, तोवर आम्ही बाहेर पडलो होतो. त्यामुळे भांडायचं, पटवायचं, हात वर करून ठरवायचं आणि हरलो तरी दुसऱ्या दिवशी सरावाला यायचं, हे सगळं आम्ही पार्किंगमध्ये शिकलो. महापेच्या ऑफिसात क्लायंटसमोर माझा आवाज फुटतो, तो तिथला.

फोनवर मी इथवरच सांगते.

2011 चा ऑगस्ट, थर्ड इयर, विद्यापीठाच्या युवा महोत्सवाची प्राथमिक फेरी. प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, माझ्याकडे. एकांकिकेत म्हाताऱ्या सासूचं पितळी पानदान होतं, त्याच्याभोवतीच सगळं फिरायचं. ते मी आमच्या आजीचं आणलं होतं, चेंदणीच्या घरातलं. झाकणाची कडी सैल होती, उघडताना किर्र वाजायची. दिग्दर्शकाला तो आवाजच हवा होता.

फेरीच्या दिवशी डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पिशवी रॅकवर टाकली. नेरूळला उतरले ती छत्री सांभाळत. गाडी पनवेलकडे गेली आणि मग हात रिकामा लागला.

कॉलेजात सगळे गोल करून उभे होते. "पानदान?" दिग्दर्शकाने विचारलं. माझ्या हाताखाली फर्स्ट इयरचा एक पोरगा होता, उलव्याहून यायचा, फारसा बोलायचा नाही. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "काल मी तुझ्याकडे दिली होती ना पिशवी?"

विचार करून म्हटलं नव्हतं. तोंडातून गेलं. पण गेल्यावर परतही घेतलं नाही. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असेल ताई. राहिली असेल माझ्याकडून."

सासूने त्या दिवशी स्टीलचा डबा उघडला. किर्र झालं नाही. आम्ही पुढच्या फेरीत गेलो नाही. परतताना कोणी त्याच्याशी बोललं नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी पनवेलला स्टेशन मास्तरांच्या खोलीत विचारून आले. पिशवी नव्हती. घरी सांगितलं, कॉलेजच्या कपाटात आहे. आजी गेली तोवर ते तिथेच "होतं".

तो पुन्हा सरावाला आला नाही. चार महिन्यांनी मी पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर कबूल केलं. "जाऊ दे, होतं असं," म्हणाले. दोघांनी पाठ थोपटली. मोकळं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्याला सांगायचं होतं तो तेव्हा वरच्या मजल्यावर प्रॅक्टिकलला होता. जिना चढून गेले असते तर पाच मिनिटंही लागली नसती.

कॉलेजातली ती धमाल पोरांना घडवते, असं तुम्हाला मी वर्षानुवर्षं ऐकवत आलेय. तेव्हाची मी असते तर हिरिरीने म्हणाले असते, कबुली देण्याची हिंमत त्या ग्रुपनेच दिली. आज वाटतं, चारचौघांत उभं राहून बेमालूम खोटं बोलण्याची हिंमतही तिथलीच. आणि तो? तो एका पावसाळ्यात काय शिकून गेला, ते मला कोणी विचारलेलं नाही.

मुलीला पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. केटीला घाबरू नका एवढं मी लिहून देते. त्याचा नंबर अजून माझ्याकडे 'प्रॉपर्टी ज्युनिअर' म्हणूनच सेव्ह आहे. मागच्या दिवाळीत फोटो बदलला त्याने, कडेवर छोटी मुलगी आहे. तीनदा 'हाय' टाइप केलं, तिन्हीदा खोडलं.