गो, वेन्ट, गॉन

'गो'चा भूतकाळ 'वेन्ट' कसा, म्हणून इंग्रजीच्या नावानं बोटं मोडायची आपल्याकडे रीतच आहे. तक्रार अगदीच खोटी नाही. 'वेन्ट' मुळात 'गो'चं नव्हेच. ते 'वेन्ड' नावाच्या वेगळ्याच क्रियापदाचं, 'गो'कडे दत्तक आलेलं. पण 'जा'चं 'गेला' होतं तेव्हा आपण कुठे कुरकुरतो? तिथेही 'जा' आला संस्कृतातल्या 'या' धातूवरून आणि 'गेला' आला 'गत'वरून. ये–आला, हो–झाला, कर–केला. दिवसभर तोंडात असतात तीच क्रियापदं वाकडी, दोन्ही भाषांत. ती घोकायलाच हवीत. पुट–पुट–पुट, कट–कट–कट ही त्यातली फुकटची कमाई.

खरी गोची घोकून झाल्यावर होते. 'मी गेलो नाही' म्हणताना मराठीत भूतकाळ 'गेलो'वर बसतो आणि 'नाही' नुसतं मागून येतं. त्याच सवयीनं जीभ 'आय डिडन्ट वेन्ट' म्हणून मोकळी होते. इंग्रजीत भूतकाळाचं ओझं 'डिड'नं आधीच उचललेलं असतं, मागे मूळ रूपच हवं: 'डिडन्ट गो'. 'ही गोज'मधला शेवटचा 'ज'ही असाच 'डझ'कडे निघून जातो: 'ही डझन्ट गो'.

'मी त्याला काल पाहिलंय' हे मराठी एकदम चोख. 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' मात्र चालत नाही. 'हॅव सीन'ची एक तंगडी वर्तमानात असते. काल, दोन तासांपूर्वी, 2019 मध्ये अशी सरलेली वेळ सांगितली की 'सॉ'च. याच्या उलट 'मी पाच वर्षांपासून इथे राहतोय'. आपला 'राहतोय' वर्तमानकाळी, म्हणून 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स', एका वाक्यात दोन चुका. हवं 'हॅव बीन लिव्हिंग' आणि 'फॉर'. 'सिन्स'पुढे सुरुवातीची वेळ येते, 'फॉर'पुढे मुदत. आपलं 'पासून' दोन्ही घरचं खातं, तिथे घोळ होतो.

उच्चाराचं थोडक्यात: 'वॉकेड' नव्हे, 'वॉक्ट'. क, प, स, श, च, फ यांच्यामागे 'ट' ऐकू येतो. क्रियापद ट किंवा डनं संपलं तर 'इड', जसं 'वॉन्टिड'. बाकी ठिकाणी नुसता 'ड', जसं 'प्लेड'. आणि 'रीड'चा भूतकाळ लिहायचा जसाच्या तसा, म्हणायचा मात्र 'रेड'. नेमकं वाचण्याच्याच क्रियापदाला हे सुचावं!