ओआरएसचा एका मिनिटाचा व्हिडिओ, गावात चालेल असा

पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरोग्याची पोस्टर पडायला लागतात. एकाच पानावर जुलाब, कावीळ, डेंग्यू, लेप्टो आणि सर्पदंश, शिवाय चार-पाच फोन नंबर. मोबाइलवर ते वाचायचं तर दोन बोटांनी मोठं करत बसावं लागतं, आणि तेवढं कुणी करत नाही. माझं ठाम मत आहे की एका मेसेजमध्ये एकच काम सांगावं आणि ते हातानं करून दाखवावं. ओआरएसचं, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या पावडरीचं उदाहरण घेऊन ते सविस्तर लिहितो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ, हातकणंगले, करवीर या पूरपट्ट्यात त्याची गरज दर पावसाळ्यात पडते, आणि इथं झालेली चूक थेट लेकराच्या जिवावर बेतते.

चूक नेमकी कुठं होते ते आधी बघू. आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात मिळणारं मोठं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं, ते एक लिटर पाण्यासाठी. मेडिकलमध्ये सुमारे ४ ग्रॅमचं छोटं पाकीटही मिळतं, ते २०० मिलिलिटरसाठी, म्हणजे पेलाभर पाण्यासाठी. ज्या घरात आधी छोटं वापरलंय तिथं मोठं पाकीटही पेल्यातच पडतं. पाणी पाचपट दाट होतं, रक्तातलं सोडियम वाढतं, बाळाची तहान भडकते, ते किरकिर करतं, मग सुस्त पडतं, झटकेही येऊ शकतात. उलट, अर्धं पाकीट उद्याला ठेवून उरलेलं लिटरभर पाण्यात टाकलं तर ते इतकं फिकं होतं की शरीरातून गेलेले क्षार भरून निघत नाहीत. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात हा हिशेबही फसवा आहे, कारण पाकिटातली साखर आणि मीठ दोन्ही भागांत सारखं येईलच असं नाही.

खरेदीतही घोटाळा होतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं फळांच्या रसाच्या पेयांवर ‘ओआरएस’ छापायला मनाई केली. पण दुकानात ‘ओआरएसचं ज्यूस द्या’ म्हणायची सवय एका आदेशानं जात नाही. त्या पेयांत साखर जास्त असते, आणि जास्त साखर आतड्यात पाणी ओढून जुलाब वाढवते.

हे सगळं एका व्हिडिओत कोंबायचा मोह होतो. तो आवरायचा. पहिल्या व्हिडिओचा विषय एकच: पाणी मोजणं.

फोन उभा धरा, कारण बघणाराही उभाच धरतो. ओट्यावर किंवा पाटावर सामान मांडा, खिडकीचा उजेड बाजूनं घ्या आणि फोन स्टँडला लावून वरून तिरका रोखा, म्हणजे हात आणि भांडं दोन्ही नीट दिसतात. पाठीमागून उजेड आला की हात काळे दिसतात. सुरुवातीला साबणानं धुतलेले हात, मग पाकिटावर छापलेल्या ‘१ लिटर’वर टेकवलेलं बोट. त्यानंतरचं मोजमाप हा व्हिडिओचा गाभा आहे, म्हणून ते न कापता दाखवा. आपल्याकडे दुधाच्या घरात लिटरचं माप असतंच. ते काठोकाठ भरून पातेल्यात ओतलेलं दिसलं पाहिजे. माप नसेल तर लिटरची पाण्याची बाटली चालते, फक्त तिच्यावर लिटर छापलंय का ते वाचून घ्यायचं. कोल्ड्रिंकची बाटली नको. ती पाऊण लिटरची, सव्वा लिटरची, कसलीही असते. पुढं पाकीट फाडून सगळंच्या सगळं ओतायचं, पाकिटाला टिचकी मारून कोपऱ्यातली पावडर पाडायची, ढवळायचं, झाकण ठेवायचं. शेवटी चमच्यानं पाजणारा हात.

पाणी उकळून गार केलेलं असावं. जळणच नसेल तर मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) टाकून निदान अर्धा तास थांबलेलं. पावडर मिसळल्यावर मात्र पाणी पुन्हा तापवायचं नाही.

आजारी लेकराचं शूटिंग करू नका. चेहरा लागत नाही. आईची मांडी, वाटी आणि चमचा पुरतो. त्यालाही आईची परवानगी आधी घ्या, आणि व्हिडिओ कुठं कुठं जाणार ते तिला स्पष्ट सांगा.

बोलणं घरातल्यासारखं हवं. पुस्तकी निवेदन ऐकलं की माणसं ‘सरकारी जाहिरात’ म्हणून पुढं सरकतात. असं काहीतरी:

‘बाळाला जुलाब लागल्यात? मोठं पाकीट घ्या. उकळून गार केल्यालं पाणी, दुधाच्या मापानं एक लिटर. सगळं पाकीट एकदम वता. अर्धं ठेवायचं न्हाई. ढवळा, झाका. दर जुलाबानंतर पाजा. सकाळी केल्यालं दुसऱ्या सकाळी फेकून द्या, नवीन करा.’

हे सावकाश बोललं की पाऊण मिनिट होतं. किती पाजायचं ते पडद्यावर ठळक लिहा: दोन वर्षांच्या आत दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्यानं, दोन ते दहा वर्षं १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध चालूच. शेवटची धोक्याच्या खुणांची पाटी सोडली तर एका वेळी पडद्यावर चार-पाच शब्दांपेक्षा जास्त नकोत, कारण व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं आणि त्यात सगळ्यात आधी बारीक अक्षर पुसट होतं.

चित्र थोडं अंधारं असलं तरी लोक बघतात, आवाज फाटला की लगेच बंद करतात. पंखा आणि फ्रिज बंद करा. कॉलर माइक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावा. रिकाम्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या-गोधड्या असलेल्या खोलीत घुमत नाही. इचलकरंजीत यंत्रमागाच्या गल्लीत रेकॉर्डिंग करायचं असेल तर माग बंद असतील ती वेळ गाठावी लागते. मागाचा खडखडाट नंतर सॉफ्टवेअरनं काढायला गेलं की बोलणंही पत्र्यासारखं होतं.

७२० पिक्सेल आणि सेकंदाला साधारण १ मेगाबिट ठेवलं तर मिनिटाची फाइल साडेसात एमबीच्या आसपास बसते. चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर रेंज जेमतेम असते, तिथं यापेक्षा मोठी फाइल गोल गोल फिरत राहते. त्यासोबत नुसता आवाजाचा क्लिपही करून ठेवा. तो अर्ध्या एमबीत बसतो आणि साध्या फोनच्या मेमरी कार्डावरही चालतो.

आता पाठवणं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, पण ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. आरोग्य केंद्रानं नवीन नंबरवरून पाठवलेलं म्हणून हवेत जातं. आशाताईंचा नंबर घरोघरी सेव्ह असतो, पाठवायचं तिथूनच. आणि मूळ व्हिडिओ प्रत्येक आशाताईंना वेगळा द्या: बराच फिरलेला मेसेज व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच चॅटला पुढं जाऊ देतं. पहिल्या फ्रेमवर महिना, वर्ष आणि आरोग्य केंद्राचं नाव घाला.

वेळही महत्त्वाची. २०१९ आणि २०२१ च्या पुरात लाईट आणि नेटवर्क दोन्ही गेलेली गावं होती. पाणी चढल्यावर पाठवलेला व्हिडिओ कुणाच्या फोनमध्ये उतरणार? जूनमध्येच पाठवा, आणि डाउनलोड झाला का ते आशाताईंनी गृहभेटीत बघावं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाहेर आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं माध्यम म्हणजे दूध डेअरी. सकाळ-संध्याकाळ तीच माणसं त्याच रांगेत उभी असतात, बायकाही असतात, आणि फॅट लागेपर्यंत पाच-दहा मिनिटं मोकळी मिळतात. तिथं छोट्या स्पीकरवर आवाजाचा क्लिप वाजवावा, शेजारी टेबलावर पाकीट आणि लिटरचं माप ठेवावं. ग्रामपंचायतीचा भोंगा वापरायचा असेल तर त्याच क्लिपमधलं पार्श्वसंगीत काढून टाका. भोंग्यातून खर्ज नीट निघत नाही, ढोलकी आणि बोलणं एकमेकांत कालवतं. दोन भोंगे वेगवेगळ्या अंतरावर असतील तर एकच शब्द दोनदा ऐकू येतो: आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे अंतरात १७० मीटरचा फरक असेल तर अर्ध्या सेकंदाचा घोळ. वाक्यं चार शब्दांची करा आणि मधे पूर्ण सेकंद थांबा. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा लावता येत नाही, त्यामुळे डेअरीची पहाटेची पाळी आतल्या स्पीकरवरच भागवायची.

गरोदर बायांसाठी केंद्र सरकारची किलकारी सेवा आहे. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ आवाजी संदेश फोनवर येतात. सेवा चांगली आहे, पण नोंदणीत दिलेला नंबर बहुतेकदा नवऱ्याचा असतो आणि तो दिवसभर कामावर. नोंद करतानाच विचारावं की घरात दुपारी कुणाचा फोन असतो, आणि तोच नंबर लिहावा.

व्हिडिओ गावाला देण्याआधी तपासावा लागतो. ‘आवडला का?’ असं विचारून काही कळत नाही. सगळे आवडला म्हणतात. पाच-सहा बायकांना एकदाच दाखवा, मग पाकीट, पेला, तांब्या, माप आणि पातेलं समोर ठेवून म्हणा, ‘करून दाखवा.’ मधे बोलू नका. हात आधी कुठल्या भांड्याकडे जातो ते बघा. दोघींचा जरी पेल्याकडे गेला, तर व्हिडिओत मापाचा भाग कमी पडलाय, तो लांबवा. पाकीट दुमडून बाजूला ठेवलं गेलं, तर ‘अर्धं ठेवायचं न्हाई’ हे वाक्य पावडर ओततानाच यायला हवं, नंतर नको.

झिंकच्या गोळीचा व्हिडिओ वेगळा करा. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमच्यात अंगावरच्या दुधात किंवा स्वच्छ पाण्यात विरघळवून, पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की घरातली माणसं गोळीही बंद करतात, ते चुकीचं आहे, म्हणून या व्हिडिओत पाठीवर पेनानं तारखा घातलेलं पाकीट दाखवावं.

दोन्ही व्हिडिओंच्या शेवटी एकच स्थिर पाटी, निदान सहा सेकंद: डोळे खोल गेलेत, बाळ पाणी पीत नाही, सुस्त पडलंय, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त आहे. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच दवाखाना, गाडीसाठी १०८, आणि वाटेत शुद्धीत असेल तर चमच्या-चमच्यानं ओआरएस चालू.