एचटीएमएलच्या रकान्यातलं नाव

वेबसाइट अंध माणसाला, कमी दिसणाऱ्याला, माउस धरता न येणाऱ्याला वापरता येते का, हे तपासणं माझं काम. गेल्या पावसाळ्यात एका रुग्णालयाचं पेशंट पोर्टल आलं आणि चार दिवस कामाला हातच लागला नाही. त्यांच्या सिक्युरिटीच्या साहेबांनी आमचं क्रोम एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरमध्ये बसून पानातल्या अशा चुका शोधणारं साधन, अडवून धरलं होतं.

ते बसवताना क्रोम सांगतं, की हे सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकतं. साहेबांनी तेवढ्या ओळीवर नकार कळवला. मला राग आला. करड्या अक्षरांचा पांढऱ्यावरचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, २.८५ भरतो आणि किमान ४.५ हवा, हे पान वाचल्याशिवाय कळणार कसं? फक्त समोरच्या टॅबपुरती, क्लिक केल्यावर मिळणारी परवानगी असते, पण पानात दुसऱ्या डोमेनची आयफ्रेम, म्हणजे आत बसवलेलं दुसऱ्या साइटचं पान, असली की ती परवानगी अपुरी पडते. पेमेंटच्या पानावर तर तशी आयफ्रेम बहुतेक वेळा असतेच.

मग मी वेगळं क्रोम प्रोफाइल केलं, त्यात माझं एकही लॉगिन ठेवलं नाही आणि एक्स्टेन्शनला फक्त त्या पोर्टलचा डोमेन दिला. बाहेर काही जातं का, हे बघायला बरेच जण ब्राउझरच्या तपासणी साधनांतला पानाचा नेटवर्क टॅब उघडतात. तिथे एक्स्टेन्शनच्या पार्श्वभूमीतल्या विनंत्या दिसतच नाहीत. एक्स्टेन्शनच्या यादीत जाऊन त्याच्या सर्व्हिस वर्करची, म्हणजे पार्श्वभूमीत चालणाऱ्या भागाची, तपासणी वेगळी उघडावी लागते. ती उघडून, साहेबांना शेजारी बसवून, वीसेक पानं तपासली. एकही विनंती बाहेर गेली नाही. "ठीक आहे मॅडम, करा," म्हणाले. जिंकल्यासारखं वाटलं.

तीन दिवसांनी रिपोर्टची एक्सेल फाइल मेलने गेली: रुग्णालयाला, पोर्टल बांधणाऱ्या कंपनीला, तिच्या डिझायनरांना.

त्याच दुपारी माझी सहकारी फाइल पडताळत होती. ती अंध आहे, पडद्यावरचं वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर वापरते. डोळस माणूस एचटीएमएलच्या, म्हणजे पानाच्या कोडच्या, रकान्यावरून नजर सरकवून पुढे जातो. तिला प्रत्येक सेल ऐकावा लागतो. तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "ताई, हे ऐक जरा."

एका बाईंचं पूर्ण नाव, आणि पुढे "यांचा एचआयव्ही चाचणी अहवाल डाउनलोड करा."

चूक होती लिंकच्या रंगाची. डोळ्यांना दिसत होतं फक्त "अहवाल", फिकट करड्या अक्षरांत. पण आमचं साधन प्रत्येक चुकीसोबत त्या घटकाचा एचटीएमएल तुकडा देतं, म्हणजे डेव्हलपरला जागा सापडते. त्या तुकड्यात एरिया-लेबल (aria-label) होतं, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं, फक्त वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेलं नाव. एका पानावर बारा वेळा "अहवाल, अहवाल" ऐकणाऱ्याला कोणता कोणाचा ते कळावं म्हणून कुणीतरी मनापासून लिहिलेलं. ही खरी माणसं होती, कारण डेमो खातं रिकामं निघाल्यावर रुग्णालयाने कामाच्या चालू खात्याचं लॉगिन दिलं होतं. मी ते घेतलं. तिथेच नाही म्हणायला हवं होतं.

ज्यांना ज्यांना मेल गेली होती, त्या प्रत्येकाला फोन करून फाइल पुसायला लावली आणि रुग्णालयाला लेखी कळवलं. साहेबांनाही मीच फोन केला. ते रागावले नाहीत, फक्त विचारलं, "त्या बाईंना कोण सांगणार?" ते रुग्णालयाने ठरवायचं होतं. त्यांनी काय ठरवलं, ते मला अजून कळलेलं नाही.

सर्व्हिस वर्कर मी तासभर पाहिला होता. आमच्याच मेलला काय जोडलंय, ते पाहिलं नाही. एक्स्टेन्शनच्या परवानग्यांवर भांडणारे आम्ही सगळे तपासनीस रिपोर्टबद्दल कधी बोलतच नाही.

आता खोट्या नोंदी भरलेलं खातं मिळेपर्यंत मी लॉगिनच करत नाही, आणि फाइल बाहेर जाण्याआधी एचटीएमएलचा तो रकाना माझी सहकारी ऐकते. त्या पोर्टलच्या दुरुस्त्यांत लिंकचा रंग गडद करा, असं लिहिलं. कंपनीच्या डेव्हलपरने विचारलं, एरिया-लेबलमधून नाव काढू का? मी नको म्हटलं.