कडाडणं आणि गडगडणं

परवा दुपारी वळवाचा पाऊस आला, आधी वारा, मग धूळ, आणि मग कडाड्कन असा आवाज की खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म एकदमच कोकलायला लागले. मी सवयीने टीव्हीची पिन काढली. आमच्या आजीचा नियमच होता, वीज कडाडली की आरशावर टॉवेल, पिना काढायच्या आणि पोरांनी खिडकीपासून लांब. स्वतः मात्र दारात उभी राहून बघायची. लांबवर गडगडायला लागलं की म्हणायची, म्हातारी हरभरे भरडतेय रे वर. कडाड्कन झालं की मात्र म्हातारी गायब, नुसतं "राम राम राम".

म्हणजे तिच्या हिशेबात हे दोन वेगळे होते, आणि आपल्या सगळ्यांच्याच असतात. ढग गडगडतात, वीज कडाडते, उलटं कोणी म्हणत नाही. खरं तर भानगड एकच, विजेच्या वाटेवरची हवा क्षणात सुमारे ३०,००० अंश तापते नि फुगते, जवळ असलात तर कड्, आणि लांब असलात तर त्या लांबलचक विजेच्या वेगवेगळ्या भागांचा आवाज मागेपुढे पोचतो म्हणून गडगड. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशातही दोन्ही निराळे, ढगांचं ते स्तनित, गर्जित, आणि वज्राचा तो स्फूर्जथु. स्फूर्जथु म्हणून बघा एकदा, दात शाबूत असतील तर. त्यापेक्षा आपलं कडाड्कन बरं, व्युत्पत्तीची कटकट नाही, कानाने ऐकलं नि तोंडाने म्हटलं. (हवामानखात्याच्या 'मेघगर्जनेसह'ची तर मला आजवर भीतीच वाटलेली नाही.)

पण खरी गंमत पेपरात. भाव वाढले की कडाडतात, पडले की गडगडतात! गडगडणं म्हणजे घरंगळणंही, तेव्हा ते ठीक, पण कडाडणं मंडईत कुठून शिरलं देव जाणे. कांद्याला तर दोन्ही लागू. एप्रिलात काढून शेतात पडलेला उन्हाळ कांदा अशा पावसात भिजला की साठवणीच्या चाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावाला काढावा लागतो, आणि सगळेच काढायला लागले की भाव गडगडतात. पुढे दिवाळीच्या आसपास साठवलेला संपत येतो नि भाव कडाडतात, आपण चिडतो, चॅनेलवाले मंडईत माइक घेऊन फिरतात, आणि ज्याचा भिजला होता त्याच्याकडे तेव्हा विकायला काही नसतं.