तुम्ही विचारलंत म्हणून: देव मानत नाही, मग वारीत कशाला?

आषाढ जवळ आला की हा प्रश्न ठरलेला. "तुम्ही नास्तिक ना? मग वारीत कशाला चालत होता?" चोर मुद्देमालासकट सापडल्यासारखा विचारणाऱ्याचा चेहरा. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, जरा चढ्या आवाजात: "आणि मुख्यमंत्र्यांनी पूजा केली तर तुमच्या पोटात का दुखतं?" दोन्ही प्रश्न तुम्ही विचारलेत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आमच्या घरात आईची वारी होती. वडील गेल्यावर तिच्यासोबत जाणारं कुणी उरलं नाही आणि माझी रजा शिल्लक होती. गाव माळशिरस तालुक्यात. माऊलींची पालखी वेळापुरात आली की आम्ही दिंडीत शिरायचो आणि भंडीशेगाव, वाखरी करत पंढरपूर गाठायचो. पहिल्या वर्षी निघताना मी तिला स्पष्ट सांगितलं की मी चालेन, पण पाया पडणार नाही. ती म्हणाली, "नगं पडूस. पिशवी तेवढी धर."

तेवढं मी केलं, सलग अकरा वर्षं. अडचण एकाच ठिकाणी आली. वारीत कोणीही कोणाच्या पाया पडतं. एक म्हातारे गृहस्थ, पांढरी टोपी, गळ्यात वीणा, माझ्यासमोर वाकले नि "माऊली" म्हणाले. मी काय करणार? मीही वाकलो. माणसाच्या पायांबद्दल माझी काही हरकत नव्हतीच. त्या अकरा वर्षांत तुझा देवावर विश्वास आहे का, असं मला दिंडीत कुणी विचारलं नाही. पुण्या-मुंबईत विचारतात. वारीत चहा घेतला का आणि पायाला फोड आलाय का, एवढंच विचारतात.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठल-रुक्मिणीची शासकीय महापूजा करतात. शेजारी रांगेतून निवडलेलं एक जोडपं असतं, मानाचे वारकरी. त्यांना वर्षभराचा एसटीचा मोफत पास मिळतो. ही कल्पना मला मनापासून आवडते. ज्याने ती काढली त्याला माणसं कळत होती.

पण ही पूजा मध्यंतरी बंद पडली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? 1970 मध्ये समाजवाद्यांनी आंदोलन केलं होतं, की निधर्मी राज्याच्या सरकारने पूजा करायची नाही. 1971 साली सरकारी पूजा थांबली. 1972 ला दुष्काळ पडला. पूजा बंद केली म्हणून विठ्ठल कोपला, असं लोक बोलू लागले आणि 1973 पासून पूजा पुन्हा सुरू झाली.

त्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई-वडील खडी फोडायला जात. आम्हा पोरांना सुकडी मिळायची आणि घरात अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकऱ्या, ज्या गुरांनीही नाक मुरडून खाल्ल्या असत्या. विठ्ठल कोपल्याचं आमच्याही वस्तीवर बोललं जायचं, मी कानांनी ऐकलंय. पुढे मोठेपणी वाचलं, की 1972 ला प्रशांत महासागरात मोठा एल निनो होता, म्हणजे समुद्राचं पाणी तापून दूरदूरचं पाऊसमान बिघडतं तो प्रकार, आणि त्याच सुमाराला पेरू देशाच्या किनाऱ्यावरची अँचोव्ही मासळी पार बसली. आता त्या कोळ्यांनी कोणाची पूजा चुकवली होती? शिवाय महाराष्ट्रात पाऊस त्याच्या आधीच्या सालांतही धड नव्हता, पूजा यथासांग चालू होती तेव्हाही. आम्हाला जगवलं ते दुष्काळी कामांनी. त्याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा आला, 1977 चा. तो करताना पाऊस का पडला नाही यावर सभागृहात मतदान घ्यावं लागलं नाही.

देवावर मात्र आपल्याकडे मतदान झालेलं आहे. 17 ऑक्टोबर 1949, संविधान सभा. सदस्य ह. वि. कामतांनी दुरुस्ती मांडली, की संविधानाच्या उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी व्हावी. पूर्णिमा बॅनर्जींनी त्यांना विनवलं, की देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका. कामत ऐकेनात. मतं पडली: बाजूने 41, विरोधात 68. तुम्हाला वाटेल हे 68 सगळे माझ्यासारखे. तसं नव्हतं. त्यातले बरेच देव मानणारे होते. हृदयनाथ कुंझरूंचं म्हणणं एवढंच, की श्रद्धा ही ज्याची त्याची, ती सर्वांवर लादायची नाही. माझी सगळी तक्रार या एका वाक्यात बसते आणि ती एका आस्तिकांनी भरलेल्या सभेने मान्य केलेली आहे.

त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्र्याच्या शपथेचे दोन पर्याय आहेत: 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. दोघांचं वजन सारखं. आणि तुम्ही स्वतः स्टँपपेपरवर जे प्रतिज्ञापत्र करता, जमिनीचं म्हणा, नावात बदलाचं म्हणा, त्यावर काय टाइप केलेलं असतं? 'सत्य प्रतिज्ञेवर'. त्यात देव नाही. तुम्ही सही करता, घरी येऊन दिवा लावता, तुमचं काही बिघडत नाही.

आता कचेरीतलं सांगतो, कारण माझं डोकं खरं तिथे फिरलं. एका तालुक्याच्या ठिकाणी मी सरकारी नोकरीत होतो तेव्हा दर जानेवारीत कचेरीत सत्यनारायण असायचा. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत. वर्गणी पगारवाटपाच्या टेबलावरच कापून घेत. मी पहिल्या वर्षी दिली, दुसऱ्या वर्षी नाही म्हटलं. फारसं काही झालं नाही. नंतर दोन महिने माझी प्रवासभत्त्याची बिलं तेवढी सापडेनात.

पण मला आठवते ती वेगळीच गोष्ट. त्या दिवशी दारात एक बाई बसलेली होती, कडेवर पोर. विहिरीच्या अनुदानाची फाइल अडली होती म्हणून दोन एसट्या बदलून आलेली. तिला सांगितलं, "साहेब पूजेला बसलेत." ती बसून राहिली. तीन वाजता प्रसाद आला, द्रोणात शिरा. तिने तो कपाळाला लावून खाल्ला, पोराला भरवला. पाच वाजता तिला सांगितलं, उद्या या. प्रसाद वाटणारा आमचा शिपाई मुसलमान होता. केळी सोलण्यापासून पाट धुण्यापर्यंत सगळं तोच करायचा. त्याला आवडतं का, हे त्याला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.

त्या बाईचा देवावर विश्वास होता, माझा नाही. तरी त्या दिवशी तिचं नि माझं दुखणं एकच होतं. खिडकीच्या आत कोणाचा देव बसलाय हे बाहेरच्या माणसाला कळता कामा नये, एवढंच मला म्हणायचंय. ज्याला घरी सत्यनारायण घालायचाय त्याच्याकडे मी शिरा खायला जाईन. जातोच. चांगला करतात.

लोकांना वाटतं नास्तिक म्हणजे मंदिरं पाडायला निघालेली टोळी. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या देशात नास्तिक अशी नोंद केलेली माणसं 33 हजारांच्या आसपास होती. एकादशीला चंद्रभागेच्या वाळवंटात तेवढी माणसं नुसती चपला शोधत असतात.

शेवटच्या वर्षीची गोष्ट सांगतो. आईचे गुडघे संपत आले होते, तरी विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायचाच, पदस्पर्शाचाच हट्ट. लांबून नुसतं मुखदर्शन, त्याला ती दर्शन मानतच नव्हती. आम्ही रांगेत उभे, रात्रीचे दोन वाजलेले, वरून भुरभुर पाऊस. महापूजेसाठी रांग थांबली. अलीकडे पूजा चालू असताना मुखदर्शनाची रांग सुरू ठेवतात, आम्ही होतो तिथे मात्र सगळं ठप्प. लाल दिव्याच्या गाड्या आल्याचं पुढून मागे कळत आलं. माझ्या पुढचा माणूस नाशिककडचा होता, अठरा तास उभा होता म्हणाला. तोही गप्प. आईने माझ्या हातातली पिशवी घेतली, ओल्या जमिनीवर ठेवली, तीवर बसली आणि माझ्या गुडघ्याला डोकं टेकून झोपून गेली.

मी उभा राहिलो. हललो असतो तर ती पडली असती.

दीड-दोन तासांनी रांग हलली. मागून रेटा आला तशी ती जागी झाली, पदर सावरला नि म्हणाली, "सरली का त्येंची पूजा? चल मग, आपली व्हायचीय."